उलटं दाखवा बघू

लग्नाच्या मांडवात नवरदेवाच्या शेरवानीचा घेर उचलून आतली शिवण बघणारी बाई तुम्ही कधी पाहिली आहे का? मी पाहिली आहे. नवरदेव माझाच पुतण्या होता. बाई स्टेजवर आल्या, पाकीट त्याच्या हातात दिलं, मग खाली वाकून शेरवानीचं टोक धरलं आणि म्हणाल्या, "उलटं दाखवा बघू." पुतण्या कावराबावरा होऊन माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "दाखव बाबा. त्याशिवाय त्या खाली उतरायच्या नाहीत."

त्यांनी आतून हात फिरवला. "वरून जर, आतून गोणपाट," म्हणाल्या. मग दोघांना तोंडभर आशीर्वाद दिला आणि जेवायला गेल्या.

बाई म्हणजे मुलींच्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाई. नाव सांगत नाही. सोलापुरात ज्यांना कळायचं त्यांना एवढ्यावरून कळेल, आणि बाकीच्यांना नावाशी काय करायचंय? माहेर अक्कलकोटकडचं. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. यजमान लवकर गेले, मुलगा नोकरीला पुण्यात. त्यांच्या घरासमोर माझा शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना. कारखाना म्हणजे ओळीने मांडलेली शिलाई मशिनं आणि त्यांच्यावर ओरडणारा मी. मी स्वतःला कारखानदार समजतो. बाई मला शेवटपर्यंत 'टेलरदादा' म्हणाल्या.

त्यांचं वेड तुम्हाला आधी नीट सांगायला हवं. दर हिवाळ्यात एका रविवारी बाई आपल्या भुईकोट किल्ल्यात बाजार भरवायच्या. चारशे वर्षांपूर्वीचा बाजार. नाटक नाही, भाषण नाही. पंचवीस-तीस माणसं त्या काळचे कपडे घालून आपापलं काम करत बसायची. कोणी सूत रंगवतंय, कोणी तेल विकतंय, दोन-चार शिपाई दरवाज्याशी उभे. लोकांनी फिरावं, बघावं, विचारावं. माहीत असेल तर उत्तर द्यायचं, नसेल तर सरळ 'माहीत नाही' म्हणायचं. थाप मारलेली बाईंना कळली की खैर नसे. आमच्यात बँकेतून निवृत्त झालेले होते, कॉलेजच्या मुली होत्या, पॉवरलूमवरचे कामगार होते. बाईंनी कोणाला कसं गोळा केलं ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

नियम दोन. पहिला, राजा कोणी व्हायचं नाही. दुसरा, जे तेव्हा नव्हतं ते आज किल्ल्यात आणायचं नाही.

पहिल्या नियमापायी भागातले एक पुढारी कायमचे नाराज झाले. मखमलीचा झगा आणि मोत्यांचा टोप घेऊनच ते बाईंच्या घरी आले होते. "बाई, राजाचं तेवढं आमच्याकडं द्या की." बाईंनी झग्याचं टोक उलटं करून बघितलं आणि सोडून दिलं. "राजा सोलापुरात बसत नव्हता हो. भिस्त्याची जागा रिकामी आहे. पाण्याची पखाल उचलेल का तुम्हाला?" पुढारी चहा न घेता गेले.

दुसरा नियम मात्र आमच्या सगळ्यांच्या जिवावर यायचा. "हे तेव्हा होतं का?" हा प्रश्न ऐकून ऐकून आम्ही घरीसुद्धा दचकायला लागलो होतो. घड्याळ गेलं, चपलांचे रबरी तळ गेले, मुलींच्या डोक्यातल्या पिना गेल्या. मग एके वर्षी दुपारच्या जेवणाला कोणीतरी भाकरीबरोबर शेंगाचटणी काढली. आता सोलापुरात शेंगाचटणीला नाही म्हणणं म्हणजे काय ते तुम्हीच समजा. बाईंनी डबा झाकला.

"शेंगा तेव्हा होत्या का?"

बँकवाले धीर करून म्हणाले, "बाई, निदान मिरचीचा ठेचा तरी?"

"मिरची गोव्यापर्यंत आली होती. सोलापुरात पोचली होती याचा पुरावा दाखवा, आणि खा."

पुरावा कोणाच्याच खिशात नव्हता. त्या दिवशी आम्ही मिरे घातलेली कारळाची चटणी खाल्ली, आणि किल्ल्यातून बाहेर पडल्यावर पहिल्या हॉटेलात शिरून सगळ्यांनी मिरची भजी मागवली. बाईही आल्या होत्या. दोन प्लेट खाल्ल्या. "बाहेर चालतं," म्हणाल्या.

मला त्यांनी तेली केलं होतं. मी म्हटलं, "बाई, माझं हे पोट?" तर म्हणाल्या, "पोट तेव्हा होतं. चालेल."

आणि स्वतः काय होत्या माहीत आहे? जात्यावर बसून ज्वारी दळणारी बाई. एवढ्या सगळ्याच्या मालकीण, पण दिवसभर कोपऱ्यात बसून दळायच्या. चष्मा तेव्हा नव्हता म्हणून तो घरी ठेवून यायच्या. त्यांचा चष्मा बाटलीच्या बुडासारखा जाड. तो काढल्यावर त्यांना चार हातांवरचं माणूस ओळखू येत नसे. एकदा मला कोणी साहेब समजून त्यांनी उठून नमस्कार केला होता. मीही ऐटीत मान डोलावली. पण दिसत नसलं म्हणून काही सुटायचं असं समजू नका. बाजार उघडण्याआधी सगळ्यांनी ओळीत उभं राहायचं आणि बाई प्रत्येकाच्या कपड्यांवरून हात फिरवत जायच्या. मशीनची शिवण त्यांच्या बोटांना लागायची. माझ्यासारख्या मशीनवर जगणाऱ्या माणसाने त्यांच्यासाठी हातात सुई धरली, आणि माझ्या कारखान्यातल्या बायकांनीही धरली. एका अंगरख्याला जेवढा वेळ लागे तेवढ्यात शाळेचा एक वर्ग कपड्याने झाकला असता.

आता अंगरख्याबद्दल थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. अंगरख्याला बटण नसतं. छातीवर एक बाजू दुसरीवर घ्यायची आणि बगलेशी बंदांची गाठ मारायची. आपल्याकडे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत बाराबंदी घालतात, त्यामुळे बंद बांधणं सोलापूरकरांना नवीन नाही. पण बाईंचं म्हणणं, जत्रेचं जत्रेला, किल्ल्याचं किल्ल्याला. किल्ल्यातल्या शिपायांचे बंद उजव्या बगलेशीच हवेत. का? तर चित्रात तसं होतं.

ते चित्र बाईंच्या पिशवीत कायम असायचं. कुठल्यातरी जुन्या मासिकातून कापलेलं, प्लास्टिकमध्ये घातलेलं. हातात फूल घेऊन उभा असलेला एक सरदार, आदिलशाहीतला, आपल्या मुलखातला. आम्ही त्याला 'फूलवाला' म्हणायचो. पागोटं फूलवाल्यासारखं, बाहीच्या चुण्या फूलवाल्यासारख्या, बंद फूलवाल्यासारखे. कॉलेजातल्या एका मुलीने एकदा पुस्तक आणून दाखवलं, "बाई, ह्यात तर डावीकडे बांधलेत." बाईंनी पुस्तक बघितलं आणि परत दिलं. "ती उत्तरेकडची माणसं. हा आपला आहे." फूलवाल्यापुढे कोणाचं काही चालत नसे.

आणि त्याच बंदांवरून ते झालं, जे बाईंनी करायला नको होतं.

आमच्या शिपायांत अंबादास नावाचा एक जण होता. शहराच्या पूर्व भागातला, तेलुगू घरातला, पिढ्यान्‌पिढ्यांचे विणकर. उंच, मिशाळ, पॉवरलूमवर काम करून कान थोडे जड झालेले. दरवाज्याशी नुसता उभा राहिला तरी लोक त्याच्याबरोबर फोटो काढायचे. त्या वर्षी तो पहिल्यांदा आईला घेऊन आला होता. म्हातारी नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन झाडाखाली बसली होती आणि लेकाला डोळे भरून बघत होती.

बाई हात फिरवत ओळीतून आल्या. अंबादासच्या उजव्या बगलेशी हात गेला, तिथे काही नाही. डाव्या बगलेशी गेला, तिथे गाठ.

"हे काय?"

"बाई, मी डावखुरा हाय की," अंबादास म्हणाला. "तलवार माझी उजवीकडं लटकतीय. बंद सारखं मुठीत अडकायलेत. म्हणून बायकोला म्हटलं, ह्या बाजूला लाव."

"तुम्ही डावखुरे म्हणून चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी बाजू बदलायची का?"

कोणीतरी हसलं. अंबादासही आधी हसला, त्याला वाटलं बाई गंमत करायल्यात. पण बाई गंमत करत नव्हत्या. "काढा तो अंगरखा. उजवीकडे बंद लावून घ्या, नाहीतर घरी जा. माझ्या बाजारात सोयीचा इतिहास चालणार नाही."

एवढ्या मोठ्याने बोलायची काही गरज नव्हती. त्याला कमी ऐकू येतं म्हणून त्या मोठ्याने बोलल्या असतील. पण ऐकलं सगळ्यांनी. अंबादासने तिथेच अंगरखा काढला, घडी घातली, बाईंच्या जात्यावर ठेवला आणि बनियनवर आईचा हात धरून चालू लागला. आत शिरणाऱ्या पोरांच्या घोळक्यातून कोणीतरी ओरडलं, "बनियन तेव्हा होतं का बे?" म्हातारीला मराठी येत नव्हतं. पण लेकाला हाकलून दिलंय हे कळायला कुठली भाषा लागते?

अंबादास पुन्हा आला नाही. बाईही त्याचं नाव काढत नसत. आम्ही दोन-तीनदा विषय काढून बघितला, तर म्हणायच्या, "नियम सगळ्यांना एक." मला तेव्हा त्यांचा राग आला होता आणि 'त्याची आई समोर बसली होती' असं म्हणून मी तो बोलूनही दाखवला होता. पण राग किती दिवस धरणार? समोरच तर घर.

मध्ये काही वर्षं गेली. माझ्या मेहुणीकडचं लग्न हैदराबादला निघालं. बाई म्हणाल्या, "मलाही न्या. लग्नाला नको. फूलवाला तिथल्या संग्रहालयात आहे असं वाचलंय. मला तो एकदा खरा बघायचाय." गाडीत एक जागा होतीच. वाटेत त्यांनी माझ्या बायकोच्या, मेहुणीच्या आणि ड्रायव्हरच्या कपड्यांची उलटी बाजू बघून घेतली.

संग्रहालयात बाई एखाद्या मुलीसारख्या भरभर पुढे चालल्या होत्या. फूलवाला एका कोपऱ्यात होता, अपेक्षेपेक्षा लहान, वहीच्या पानाएवढा. मी मागून पोचलो आणि बघितलं तर मला पहिल्यांदा काही कळलंच नाही. पागोटं तेच, फूल तेच, मिशा त्याच. पण आपल्या बाईंच्या पिशवीतला फूलवाला उजवीकडे तोंड करून असायचा आणि हा डावीकडे बघत होता.

बाईंनी पिशवीतून चित्र काढलं. काचेशेजारी धरलं. एकदा हे बघितलं, एकदा ते. मग चित्र उलटं केलं आणि प्लास्टिकच्या मागून उजेडाकडे धरलं. आता दोघंही डावीकडे बघायला लागले, आणि दोघांचेही बंद डाव्या बगलेशी आले.

मला त्यात नवल वाटलं नाही. माझ्याकडे एकदा शाळेच्या बिल्ल्यांचं असंच झालं होतं. छापणाऱ्याने फिल्म उलटी लावली आणि शाळेचं नाव आरशात वाचावं लागेल असे खोकाभर बिल्ले आले. इथे अक्षरं नव्हती म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. मी बाईंना तसं सांगितलं. "छापणाऱ्याची चूक आहे बाई. तुमची नाही."

बाईंनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्या तिथेच फरशीवर बसायला लागल्या. तिथला पहारेकरी धावत आला. "क्या हुआ अम्मा? कुर्सी लाऊं क्या?" खुर्चीवर बसून त्या चित्राकडे बघत राहिल्या. आयुष्यभर जगाच्या कपड्यांची उलटी बाजू बघत आलेल्या बाईने हेच एक कधी उलटं करून बघितलं नव्हतं.

मग माझ्याकडे वळल्या. मला वाटलं अंगरख्यांचं काहीतरी म्हणतील.

"अंबादास," त्या म्हणाल्या. "त्याची आई बघत होती हो."

येताना गाडीत त्यांनी कोणाच्याही कपड्याला हात लावला नाही.

सोलापूरला आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या दारात उभ्या. काखेत कापडात बांधलेलं काहीतरी. "टेलरदादा, स्कूटर काढा." कुठे जायचं ते विचारायची गरज नव्हती. अंबादासची गल्ली म्हणजे दोन्ही बाजूंनी पॉवरलूमची खडखड. तिथली माणसं एकमेकांशी खुणांनीच बोलतात. अंबादास मागावर उभा होता. आम्हाला बघून त्याने सूत सोडलं नाही, नुसती मान हलवली.

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या.

"काय?"

"माझं चुकलं."

त्याने कानामागे हात धरला. बाईंनी मोठा श्वास घेतला आणि शाळेत घ्यायच्या तसा आवाज काढला, "अंबादास, माझं चुकलं! तुमची बाजू बरोबर होती!" आणि कसं कोण जाणे, नेमकी तेव्हाच लाईट गेली. सगळ्या गल्लीचे माग एकदम थांबले. शेवटचे दोन शब्द अख्ख्या गल्लीने ऐकले. समोरच्या घरातून एक जण काय झालं बघायला बाहेर आला.

अंबादासने हात पुसले. बाईंनी त्याला दोन्ही चित्रं दाखवली, पिशवीतलं आणि मोबाईलवर काढलेलं. त्याने शांतपणे बघितलं. "पण बाई, मला हे कुटं माहीत होतं? मी तर डावखुरा म्हणून बांधलो होतो."

"तुम्ही न वाचता बरोबर निघालात आणि मी वाचून चुकले. मग कोणाचं जास्त वाईट?"

त्याने मोबाईल परत दिला. मग म्हणाला, "मला बोललात त्याचं काय नाय बाई. आईला पहिल्यांदा घेऊन आलो होतो मी."

"तिलाच भेटायला आलेय," बाई म्हणाल्या.

म्हातारी आत जमिनीवर बसून सुताच्या कांड्या भरत होती. बाई गुडघे धरत तिच्यासमोर बसल्या. तिला मराठी येत नाही, ह्यांना तेलुगू येत नाही. कानडीतून प्रयत्न करून बघितला, जमलं नाही. शेवटी म्हणाल्या, "अंबादास, तुम्ही सांगा. सांगा, तुमचा मुलगा बरोबर होता. मी त्याला सगळ्यांसमोर बोलले ते चुकीचं होतं. तो माझ्या सगळ्या शिपायांत देखणा होता. आणि त्या दिवशी किल्ल्यात एकाच माणसाचा अंगरखा बरोबर होता, तो ह्याचा."

आता स्वतःचं एवढं कौतुक स्वतःच्या तोंडाने आईला कसं सांगणार? अंबादास लाजला. काहीतरी पुटपुटला.

"मी एवढं बोलले आणि तुम्ही दोनच शब्द सांगितलेत," बाई म्हणाल्या. "सगळं सांगा."

त्याने सगळं सांगितलं. म्हातारी कांडी भरायची थांबून ऐकत होती. मग बाईंकडे बघत बराच वेळ काहीतरी बोलली.

"काय म्हणतायत?" बाईंनी अंबादासला विचारलं.

"म्हणतीया, चहा घेणार का."

तेव्हा बाई रडल्या. म्हातारीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि हात फिरवता फिरवता त्यांच्या साडीचा काठ चिमटीत धरून बघितला. विणकराच्या घरातली ती. मला हसू आवरेना.

काखेतल्या कापडात अंबादासचा तोच अंगरखा होता. बाईंनी तो पेटीत जपून ठेवला होता, पण बंद हलवले नव्हते. "का हलवले नाहीत?" मी परत येताना विचारलं. "दुसऱ्याच्या बायकोने घातलेले टाके. मी कशी उसवू?" म्हणाल्या.

बाकीचे सगळे अंगरखे मात्र उसवले. आमच्या लोकांनी खूप समजावलं. बँकवाले म्हणाले, "बाई, कोणाला कळणार आहे?" बाई म्हणाल्या, "मला कळलंय की." माझ्या कारखान्यातल्या बायकांनी दोन आठवडे डोक्याला हात लावून बंद इकडचे तिकडे केले. जुन्या टाक्यांची भोकं राहिली. ती बुजवायची का विचारलं तर नको म्हणाल्या.

त्या वर्षी बाजारात जात्याशेजारी एक फळी उभी होती. तिच्यावर खडूने लिहिलं होतं की गेल्या वर्षापर्यंत आम्ही बंद चुकीच्या बाजूला बांधत होतो, चूक दळणाऱ्या बाईची आहे. येणाऱ्या प्रत्येकाला त्या स्वतः भोकं दाखवायच्या. "हे बघा, इथे होते. आता इथे आहेत." लोकांना काय त्याचं! लोक फोटो काढायला अंबादासकडे पळायचे. तो दरवाज्याशी उभा होता, तलवार उजवीकडे, गाठ डावीकडे. म्हातारी मात्र या खेपेला झाडाखाली बसली नाही. बाईंनी तिला जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसवलं होतं. दोघी मिळून खुंटा ओढत होत्या आणि आपापल्या भाषेत बोलत होत्या.

त्यानंतर बाईंना आणखी एक सुचलं. अंबादासच्या घरात बापाच्या वेळचा हातमाग धूळ खात पडला होता. "ह्याच्यावर मला एक साडी विणून द्या. सूत हाताने कातलेलं, रंग झाडपाल्याचा. पुढच्या बाजारात मी तीच नेसून दळणार." अंबादास म्हणाला, "बाई, हातमाग सोडून जमाना झाला. हात बसायचा नाय." पण आईने सांगितलं, बाईंना करून दे. म्हणून सुट्टीच्या दिवशी तो मागावर बसायला लागला. बाई मधूनच जाऊन विणलेलं उलटं करून बघायच्या. एकदा काठाचा रंग दुकानातला, रासायनिक निघाला, तेव्हा वीतभर विणलेलं त्यांनी उसवायला लावलं. अंबादास माझ्याकडे येऊन तक्रार करायचा, "लई छळायल्यात ओ." पण तक्रार करताना हसायचा.

साडी मागावरून उतरली त्याच आठवड्यात बाई गेल्या. सकाळी दूधवाल्याला दार उघडलं नाही, एवढंच निमित्त. मुलगा-सून पुण्याहून दुपारपर्यंत पोचले. विधी सांगणारे स्वामी आले. आमच्या त्या बाजारातले सगळे अंगणात जमले, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

सून चांगली मुलगी. वाटेत मोठ्या दुकानात थांबून नवी साडी घेऊन आली होती, भारी, निळीशार, जरीकाठाची. आतल्या बायकांकडे द्यायला तिने ती पिशवीतून काढली आणि माझा हात आपोआप पुढे गेला. शप्पथ सांगतो, मी मुद्दाम नाही केलं. काठ उलटा केला. आतून नुसती नायलॉनची लोंबती सुतं. मी काठ सोडला. अशा वेळी काय बोलणार?

अंबादास माझ्याशेजारीच होता. त्यानेही बघितलं. तो तसाच बाहेर गेला आणि मोटरसायकलवरून परत आला तेव्हा मागे आई बसली होती. तिच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली साडी होती. जाड, मातकट लाल, बिनजरीची, कोरी.

"ही बाईंची हाय," तो मुलाला म्हणाला. "त्यांनी सांगून विणून घेतलीय."

मुलगा बावरला. "एवढी साधी? लोक काय म्हणतील? शेवटचं नेसवणं आहे हो." सूनबाईने दोन्ही साड्या बघितल्या. मग सासूबाईंकडे बघितलं. "हीच," ती म्हणाली, आणि साडी घ्यायला हात पुढे केले.

"थांबा जरा."

अंबादासने पदर उलगडला, उलटा केला, आणि उजेडाकडे धरून काठावरून हात फिरवत गेला. एका ठिकाणी सुताचं टोक बाहेर आलं होतं, नखाएवढं. कात्री कोणाला सापडेना. त्याने ते डाव्या हाताने धरून दातांनी तोडलं, पुन्हा एकदा हात फिरवला, आणि साडी सूनबाईच्या हातात दिली.

"आता न्या," तो म्हणाला. "ते तसंच राहिलं असतं तर बाई उठून बसल्या असत्या."